एक सूत उंच कूलर

मिलीमीटर, परवा फोनवर तू म्हणालास, "मावशी, माझ्यावर काय लिहिणार? मी काय मोठा माणूस लागून गेलोय?" मोठ्या माणसांवर लिहायला पुष्कळ लोक बसलेत आणि त्यातले निम्मे थापा मारतात. मी तुझ्यावर लिहिणार. आवडलं नाही तर वाचू नकोस. मात्र पानभर "तू असं केलंस, तू तसं म्हणालास" करत बसले तर ते पोलिसांपुढच्या जबाबासारखं वाटेल. म्हणून इथून पुढे तू "तो". परक्याची गोष्ट असल्यासारखी वाच आणि मधेमधे फोन करू नकोस.

तर, तो. वय बावन्न, अंगाने काडी, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची पोलादी पट्टी. कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरच्या मागे, पडद्याआड त्याचं टेबल. कुणी येऊन म्हणालं, "गेम खेळायचेत, एकदम भारी मशीन बनवून द्या," की मालक त्याला पडद्याआड पाठवतो. तिथे हा गृहस्थ भारी मशीनबद्दल चकार शब्द काढत नाही. आधी विचारतो, कोणता खेळ खेळणार? मशीन ठेवणार कुठे? आणि शेजारच्या खोलीत झोपतं कोण? मग त्या घरी जातो, टेबल मोजतो, टेबल आणि भिंत यांच्यातली फट मोजतो, ऊन कुठवर येतं ते पाहतो. "सातशे चाळीस मिलीमीटर," असं मोठ्याने म्हणत वहीत लिहितो. नाव पडलं ते त्यावरून.

सुटे भाग मात्र तो कधी स्वतः निवडत नाही. दोन डबे समोर ठेवायचे, दोघांचे स्वभाव सांगायचे आणि गप्प बसायचं. हे ग्राफिक्स कार्ड तापट आहे, पण कामाला वाघ. ते थंड डोक्याचं आहे, पण अंगाने थोराड. गिऱ्हाईक काकुळतीला येतं, "तुम्हीच सांगा ना!" हा म्हणतो, "खेळणार तुम्ही. मी गेम खेळत नाही." खरंच खेळत नाही. माणूस स्वतः निवडलेल्या वस्तूशी भांडेल, पण तिला टाकणार नाही, असं त्याचं मत. मालकाला हा सगळा वेळकाढूपणा वाटतो. पण त्याने जुळवलेली मशिनं तक्रार घेऊन परत येत नाहीत, म्हणून मालक तोंड मिटून असतो.

राहतो दादाच्या घरात, वरच्या खोलीत. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. म्हणजे दोनदाच विचारलं.

दादा त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. दादाने नुकताच ट्रकचा परवाना काढला होता. पण ट्रकवाला चार-चार दिवस घरी येत नाही आणि घरी अकरा वर्षांचा भाऊ. परवाना कपाटात गेला, दादा कारखान्यात लेथवर गेला आणि पस्तीस वर्षं लेथवरच राहिला. लोखंड केसाच्या जाडीने जास्त कापलं गेलं की काम भंगारात, अशी त्याची नोकरी, आणि घरीही तोच खाक्या. कपाटाचं दार जरा कुरकुरलं तर बिजागऱ्या काढून पुन्हा बसवायचा. बटाट्याच्या फोडी लहानमोठ्या झाल्या तर ताटाकडे असा बघायचा की वहिनी सुरी त्याच्यासमोर आपटायच्या. "घ्या, तुम्हीच चिरा!" आणि तो चिरायचा!

मागच्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने पुन्हा चालू लागला, जीभही पुन्हा वळू लागली, पण हात राहिला तो राहिलाच. आणि बोलण्यात उरला एकच शब्द: चालेल. पंखा लावू? चालेल. खिडकी बंद करू? चालेल. दादा खिडकीशी खुर्चीत बसायचा आणि दिवस मावळायची वाट बघायचा.

"भाऊजी," एक दिवस वहिनी जिन्यात थांबून म्हणाल्या, "काल मी भाजीत मीठच घातलं नाही. मुद्दाम. कशी झालीय विचारलं, तर म्हणाले, चालेल."

"आणि खाल्ली?"

"सगळी! भाऊजी, यांनी एकदा तरी नाही म्हणावं हो. या 'चालेल'नं मी रोज थोडी थोडी विधवा होतेय."

हे ऐकून मिलीमीटरला त्या दिवशी जेवण गेलं नाही. डॉक्टर म्हणाले होते की डाव्या हाताला काम द्या, डोळ्यांना काम द्या, एखादा खेळ द्या. त्याला एक खेळ ठाऊक होता. मालाने भरलेला ट्रक मैलोन् मैल हाकायचा, सिग्नल पाळायचे, माल वेळेत पोचवायचा. मारामारी नाही, राक्षस नाहीत. ठरलं. दादाला मशीन जुळवून द्यायचं.

रिवाजाप्रमाणे त्याने दोन-दोन डबे दादापुढे ठेवले. "हा प्रोसेसर थोडा हळू, पण गार. हा वेगवान. कुठला?"

"चालेल."

"कुठला चालेल?"

"कुठलाही."

कॅबिनेटचे फोटो दाखवले. चालेल. कीबोर्ड मोठा की छोटा? चालेल. जन्मात पहिल्यांदा मिलीमीटरला सगळं स्वतः निवडावं लागलं, आणि स्वतः निवडायची वेळ आली तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. दादासाठी म्हणजे सगळं वरच्या दर्जाचंच हवं. ज्या कार्डावर पाच ट्रक पळाले असते ते कार्ड, चौघांना पुरेल इतकी रॅम, आणि प्रोसेसर थंड ठेवायला दोन पंख्यांचा, उभ्या इमारतीसारखा कूलर.

रविवारी सकाळी दादाच्याच खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर त्याने जुळणीला हात घातला. दादा पाठमोरा बाहेर बघत होता. मदरबोर्ड बसला, प्रोसेसर बसला, कूलर बसला, वायरी मागून ओवल्या. शेवटी कॅबिनेटची काचेची बाजू लावायला घेतली, तर ती लागेना. त्याने दाबून पाहिलं. काच कूलरच्या डोक्यावर टेकत होती.

ही कॅबिनेट त्याने आजवर चाळीस वेळा तरी वापरली असेल. तिच्यात एकशे अडुसष्ट मिलीमीटर उंचीचा कूलर मावतो, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. पण कंपनीने त्याच नावाने नवी कॅबिनेट काढली होती. मागे वायरींसाठी जागा वाढवली आणि तेवढी पुढची कमी केली. आता एकशे बासष्ट. खोक्यावर छापलंही होतं. कूलर एकशे पासष्ट. जगाच्या घरातल्या फटी मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या हातातलं खोकं वाचलं नव्हतं.

तो कपाळ पुसत स्वतःशीच म्हणाला, "राहू दे. काच नको लावायला. चालतं उघडं."

"काय झालं?" दादाने खुर्चीतून विचारलं.

"काही नाही. कूलर जरासा वर येतोय."

"जरासा म्हणजे किती?"

त्याने पट्टी लावली. "तीन मिलीमीटर."

"एक सूत." कारखान्यात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणत. दादाने काठी ओढली आणि उठला. "एक सूत बाहेर, आणि तू झाकण उघडं ठेवणार?"

"अरे दादा, हवा खेळती राहते. पुष्कळ लोक ठेवतात."

"लोक गेले खड्ड्यात. पट्टी दे."

डाव्या हाताने पट्टी धरताना ती दोनदा घसरली. मिलीमीटर मदतीला पुढे झाला, तर दादाने कोपराने त्याला बाजूला केलं. तिसऱ्यांदा पट्टी टेकली. दादा वाकून, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला.

"ड्रॉइंग कुठाय?"

"कसलं ड्रॉइंग?"

"ड्रॉइंग न बघता माल आणलास? बाळ्या, माझ्या हाताखाली असतास तर गेटाबाहेर काढला असता तुला! चालणार नाही. उतरव सगळं."

वहिनी ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि भांडी आपटू लागल्या. आनंद झाला की त्या भांडी आपटतात.

मिलीमीटरचे कान लाजेने लाल झाले होते. आपल्या धंद्यात, आपल्या सख्ख्या भावापुढे, आपली चूक! खोकी उचलून अर्धा जिना चढल्यावर त्याला उमगलं की आपण आत्ता काय ऐकलं. मग तो तिथेच पायरीवर बसला. नंतर लोक म्हणू लागले, त्याने मुद्दाम केलं, हुशार माणूस. साफ खोटं. ती निव्वळ चूक होती आणि तिची त्याला आजही लाज वाटते.

पुढचे बारा दिवस घरात कुणाला चैन नव्हती. दादाने प्रत्येक भागाचा मापांचा कागद मागवला. डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारखे वाकडे आकडे काढत तो बेरजा-वजाबाक्या करायचा.

"हा प्रोसेसर तापतो किती?"

मिलीमीटरने सांगितलं.

"मग एवढ्याशा उष्णतेला हे धुरांडं कशाला? माशी मारायला घण?"

"म्हटलं, तुझ्यासाठी चांगला..."

"चांगला म्हणजे मापात बसणारा. आणि ही बाजू काचेची का? आत मासे पाळायचेत?"

"गेमवाल्यांना काच आवडते."

"मला पत्रा हवा. आणि ते रंगीत दिवे काढ. मला ट्रक चालवायचाय, जत्रेतला पाळणा नाही."

कूलर बुटका आला. कार्ड लहान झालं, कारण "एवढं ओझं त्या बारक्या खाचेत लोंबकळणार, वाकेल ते." वीजपुरवठ्याच्या डब्यावर मात्र तो अडून बसला, सगळ्यात दणकटच हवा. पंख्याचा आवाज पसंत पडेना म्हणून तीन वेळा पंखे बदलले. दुकानाचा मालक म्हणाला, "मिलीमीटर, तुझं हे गिऱ्हाईक मला आवर बाबा." वहिनींनी जिन्यात गाठलं. "भाऊजी, ते 'चालेल' परत आणता येईल का हो? दोन दिवसांपुरतं?"

पत्र्याची बाजू बोटाच्या एका धक्क्याने, टक् करून बसली. दादाने ती पुन्हा काढली आणि पुन्हा लावली. चार वेळा.

आता रोज दुपारी दादा ट्रक हाकतो. वेगमर्यादेच्या वर काटा जात नाही, मागची वाहनं हॉर्न मारून वैतागतात. वहिनी स्वयंपाकघरातून विचारतात, "पोचलात का?" तो म्हणतो, "वजनकाट्यावर थांबलोय." फक्त मशीनला जोडलेल्या स्टीअरिंगवर तो खूश नाही. एका हाताने फिरवण्यासाठी त्यावर लावलेली प्लॅस्टिकची मूठ त्याच्या पंज्याला बसत नाही.

तर मिलीमीटर, आता पुन्हा तू. मुठीचं ड्रॉइंग दादाने काढलं, सगळी मापं घालून, आणि ते तू माझ्याकडे आणून दिलंस. त्याच्या जुन्या फोरमनकडे घरी लेथ आहे, दोघांचं आठ वर्षं बोलणं नाही, आणि फोरमनची बायको माझ्याबरोबर सकाळी फिरायला येते. "मावशी, तेवढं देऊन ये," म्हणालास. मी हो म्हटलं. एकदा गेले तर घराला कुलूप. दुसऱ्यांदा पाऊस लागला म्हणून अर्ध्या वाटेतून फिरले. नंतर गुडघ्यांनी फिरणंच बंद पाडलं, आणि मग इतके दिवस झाले की जायची लाज वाटू लागली. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तोंडाने सांगवेना, म्हणून हे लिहायला बसले. कागद माझ्या पर्समध्येच आहे, घडीवर फाटायला आलाय.