रहीमचा ड्युरेस वर्ड

लातूरला माझी पुतणी वकिली शिकते. मागं ती कंधारला घरी आली होती, तेव्हा तिनं विचारलं, "काका, ड्युरेस म्हणजे जबरदस्तीच ना? ड्युरेसखाली दिलेली संमती कायद्यात संमती धरत न्हाईत, असं शिकवून राहिलेत आम्हाला."

मी म्हणालो, बरोबर शिकवतात. पण हा शब्द मी फौजेत शिकलो होतो, आणि पुरता समजला तो देगलूरच्या नाईक रहीममुळं. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आमची कंपनी तेव्हा काश्मीरच्या डोंगरात होती. मी हवालदार, एका सेक्शनचा कमांडर. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज राहणं, मग डोंगरातली गस्त, परत आल्यावर हत्यारांची सफाई. खोल नाल्यात रेडिओ लागत नसे, म्हणून वरच्या धारेवर एका रिकाम्या दगडी झोपडीत आमची रिले पोस्ट होती. तिथं दोन जवान रेडिओ सेट घेऊन बसायचे आणि खालच्या पार्टीला वाट मोकळी आहे की नाही ते सांगायचे.

आमचे कॅप्टन साहेब नव्या ड्युटीआधी सगळ्यांना बसवून समजवत. एकदा ते म्हणाले, "दरवाजा तोडकर कोई अंदर आए, वो फोर्स है. तुम्हारे सिर पर बंदूक रखकर तुम्हारे ही मुँह से 'आओ' कहलवाए, वो ड्युरेस है. बोलोगे तुम, मर्जी उसकी होगी." अशा वेळी वाक्यात घालायचा एक शब्द आधीच ठरवून ठेवायचा. शब्द साधा हवा, ऐकणाऱ्याला खटकता कामा नये. पण एरवी सेटवर तो कुणी बोलायचा नाही.

रहीमनं हात वर केला. "साब, 'अलबत्ता' रखिए. हमारे उर्दू के मास्टर के सिवा कोई नहीं बोलता." अलबत्ता म्हणजे 'मात्र'. सगळे हसले. साहेबही हसले आणि तोच शब्द पक्का केला.

रहीम शेख शिंप्याच्या घरातला. अंगानं बारीक, बोलायला गोड. पोस्टवर त्याचा जोडीदार निलंग्याचा शिपाई बळीराम. दोघं मराठीत बोलायला लागले की माझ्याशिवाय बाकीच्यांना काही कळायचं नाही.

त्या दिवशी दुपारी मी सेक्शन घेऊन नाल्यातून चढत होतो. पुढं एक अरुंद वळण होतं, दोन्ही बाजूंना उभे कडे. वळणाआधी थांबून मी सेटवर विचारलं, "रिले, रूट रिपोर्ट दो. ओव्हर."

जरा वेळानं रहीमचा आवाज आला. "रास्ता साफ है. आ जाइए. अलबत्ता, पत्थर गीले हैं, सँभलकर. ओव्हर."

माझ्या पायाखालचे दगड कोरडे होते. तरी खात्री करणं भाग होतं. मी म्हणालो, "आवाज कटा. फिर से बोलो. ओव्हर."

"रास्ता साफ है. अलबत्ता, पत्थर गीले हैं. ओव्हर."

आता काय उत्तर द्यायचं ते मला ठरवायचं होतं. गप्प राहिलो असतो तर आम्हाला संशय आलाय हे त्याच्या डोक्याला बंदूक लावणाऱ्याला कळलं असतं. मी म्हणालो, "रॉजर. आ रहे हैं. आउट."

हातानं खूण करून मी सेक्शन दोन भागांत वाटलं. एक भाग नाल्याच्या तोंडाशी आडोशाला राहिला. दुसरा घेऊन मी मागल्या उतारावरून, झाडीतून धारेवर चढलो. कड्यावर दोन अतिरेकी दबा धरून बसले होते, तोंड नाल्याकडं. आम्ही त्यांच्या पाठीमागं निघालो. ते वळले आणि फायर सुरू झाला. ते दोघंही तिथंच ठार झाले.

पहिल्या फायरबरोबर झोपडीतही गोळ्या वाजल्या. आत तिसरा होता. तो पलीकडच्या उतारानं पळाला, तेव्हा खालच्या पार्टीनं त्याला गाठलं.

झोपडीत बळीराम हात बांधलेला, खांद्यातून रक्त वाहत होतं. रहीम सेटच्या शेजारी पडला होता. नाडी लागली नाही.

आत काय झालं ते नंतर बळीरामनं सांगितलं. ते तिघं झऱ्याच्या बाजूनं अचानक आले. बळीराम पाणी भरत होता, त्याला पुढं घालून झोपडीत शिरले. रहीमला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. बोलला नाहीस तर याला मारू, म्हणून बळीरामच्या कानाला नळी लावली. रहीम बोलला.

बळीराम बरा झाल्यावर आम्ही दोघं देगलूरला गेलो. रहीमच्या वडिलांनी मशीन थांबवलं, चहा मागवला. बहीण फातिमा दाराशी उभी होती.

"आवाज तुमी ऐकला त्याचा?" चाचांनी मला विचारलं.

"हाव, चाचा."

"कसा हुता?"

न भिता बोलला, असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. पण त्यांच्यासमोर खोटं बोलवेना.

"भ्यालेला होता, चाचा. थरथरत होता."

"आन् तरी बोलला?"

"बोलला. दोनदा."

चाचांनी मशीनवरच्या कापडाची घडी घातली. मग म्हणाले, "लहानपनी हिरीत उतराया लई भ्यायचा. ह्या फातिमाची चप्पल पडली, तवा रडत रडत उतरला हुता. घिऊनच वर आला."

बळीराम इस्पितळात रडला नव्हता. तिथं रडला.

चाचा आता हयात नाहीत. आम्ही दोघं दरवर्षी जातो, फातिमा आम्हाला कब्रस्तानापर्यंत सोबत नेते. तिथल्या झाडाखाली त्याचा दगड आहे. त्यावर नंबर, रँक, नाव. बायका आत जात नाहीत, म्हणून ती फाटकाशी थांबते आणि तिथूनच हजेरी घेतल्यागत मोठ्यानं म्हणते, "नाईक रहीम शेख." आम्ही सावधान उभे राहतो.