सुदामभाऊ आणि शेठजींची बही

ऋता, निखिल, गेल्या महिन्यात तुमचा फोन आला तेव्हा मी नीट बोलू शकले नाही. सर्दी झाली आहे असं मी सांगितलं, ते खरं नव्हतं. त्याच दिवशी सकाळी दिग्रसहून प्रज्ञाचा फोन आला होता. "काकू, बाबा गेले. पहाटे, झोपेतच," एवढंच ती म्हणाली. प्रज्ञाचे बाबा म्हणजे सुदामभाऊ. आपल्या जुन्या ऑफिसच्या फोटोत तुमच्या पणजोबांच्या खुर्चीमागे उभे असलेले उंच गृहस्थ. हे कोण, असं ऋताने मागे विचारलं होतं आणि मी "ऑफिसमधले" असं म्हणून विषय संपवला होता. ते उत्तर फार अपुरं होतं. आता माझंही वय झालं आहे, म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हे लिहिते आहे. कात्रण पाठवीन. जोडाक्षरं अडली तर आईकडून वाचून घ्या.

मी लग्न होऊन नागपूरहून दिग्रसला आले तेव्हा नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि सगळं गाव आण्यांचे पैसे करण्यात गुंतलं होतं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, व्यापाऱ्यांची इन्कम टॅक्स आणि सेल्स टॅक्सची कामं करत. त्यांनी कायद्याची परीक्षा दिलेली नव्हती, तरी सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. तिथे एक टेबल, एक टाइपरायटर, भिंतीला लावलेली बाकं, आणि कापसाच्या हंगामात त्या बाकांवर बसलेल्या व्यापाऱ्यांच्या अंगावरून उडणारे कापसाचे तंतू. ते थेट स्वयंपाकघरात येत आणि सासूबाई वैतागत. त्या काही वर्षांत आमचं घर जागचं न हलता तीन राज्यांत राहिलं. मी येण्याआधी मध्य प्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. दर वेळी फॉर्म बदलायचे आणि मामंजी म्हणायचे, "सरकार बदलते, साहेब बदलते, आपला मोतीलाल शेठ तेवढा बदलत नाही!"

टाइपरायटरवर सुदामभाऊ असत. यवतमाळहून मॅट्रिक झालेले, माझ्याहून थोडे मोठे. छप्पन्नच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यांच्या घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली होती. वडील नव्हते, धाकट्या भावाचं कॉलेज यांच्या पगारावर चालायचं. मी बी.ए. आहे आणि इंग्रजी बरं लिहिते हे मामंजींच्या ध्यानात आलं, तेव्हापासून टॅक्सच्या साहेबांना पाठवायच्या पत्रांचे मसुदे माझ्याकडे येऊ लागले. सुदामभाऊ मधल्या दारापर्यंत यायचे, उंबऱ्याच्या अलीकडे थांबायचे आणि म्हणायचे, "वयनी, हे पहा बरं. साहेब रागावला नाही पाहिजे अन् आपण झुकलो बी नाही पाहिजे, असं इंग्रजी द्या." असं इंग्रजी कसं लिहायचं हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. ते मी त्यांच्याशी वाद घालून शिकले. मी दुसऱ्यांदा 'कृपया' घातलं की ते खोडायचे. "दोनदा कायले? एक कृपया पुरते."

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. आमच्याकडे त्यांच्यासाठी वेगळा कप होता. सासूबाईंनी ठेवलेला, निळ्या काठाचा. पहिल्याच आठवड्यात सुदामभाऊ म्हणाले, "मले चहा चालत नाही, पित्त होते," आणि मी ते खरं मानलं. पुढे एकदा बसस्टँडवर उतरले तर हे महाशय हॉटेलच्या बाकावर पेल्यावर पेले रिचवत बसलेले! मला पाहून जराही गडबडले नाहीत. "इथलं पित्त वेगळं आहे, वयनी," म्हणाले आणि माझ्यासाठीही एक मागवला. तो कप कधी फुटला नाही, कोणी टाकलाही नाही. कपाटात मागे मागे सरकत गेला. पण आमच्या घरी त्यांनी शेवटपर्यंत चहा घेतला नाही. त्यांच्या घरी मात्र मी कितीतरी वेळा प्यायले आहे. आलं जास्त घालायचे.

मोतीलाल शेठ आमचे सगळ्यात मोठे पक्षकार. कापूस, सरकी, थोडं धान्य. त्यांच्या हिशेबाच्या बह्या, त्या लांबट लाल पुठ्ठ्याच्या आणि दोऱ्याने बांधलेल्या, मारवाडी मुडिया लिपीत असत. या लिपीत मात्रा नसतात. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते वाचणाऱ्याने ओळखायचं. दर वर्षी टॅक्सचे कागद करायचे म्हणजे आमच्या ऑफिसातल्या कुणीतरी दुकानात बसून बहीवरून आकडे उतरवून घ्यायचे, आणि ते काम सुदामभाऊंचं. पण दिवाळीला बहीची पूजा होते, ती लक्ष्मी; म्हणून शेठजींचे म्हातारे मुनीम बन्सीधरजी तिला यांचा हात लागू देत नसत. बही स्वतःच्या मांडीवर ठेवून ते मोठ्याने वाचत, समोर हातभर अंतरावर बसून सुदामभाऊ लिहून घेत. हंगामामागून हंगाम असं चाललं. मुनीमजी काय वाचतात आणि कागदावर काय आहे हे जुळवता जुळवता यांना ती लिपी येऊ लागली. मात्र आली ती उलटी! समोरून बघूनच शिकले, मग दुसरी कशी येणार?

हे आम्हाला कळलं ते यवतमाळला. शेठजींची सेल्स टॅक्सची तपासणी होती. मामंजी, सुदामभाऊ आणि मुनीमजी बसने गेले. मुनीमजींना बस लागली आणि ते बाहेर लिंबू चोखत आडवे झाले. आत पश्चिम महाराष्ट्रातून नुकताच बदलून आलेला तरुण अधिकारी बही उघडून बसलेला. एका ठिकाणी बोट ठेवून त्याने विचारलं, हे काय आहे? मामंजींना मुडिया येत नसे. तेव्हा टेबलाच्या या बाजूने सुदामभाऊ सरळ वाचू लागले : अमक्याची सरकी परत आली, भाव उतरला म्हणून. अधिकाऱ्याने बही सौजन्याने त्यांच्याकडे फिरवली. सुदामभाऊ घाईने म्हणाले, "नाही साहेब, तुमच्याकडंच राहू द्या! माझ्याकडं केली तं मले वाचता येणार नाही." अधिकारी इतका हसला की बाहेरून मुनीमजी उठून आत आले. ती तपासणी निर्वेध पार पडली. मामंजी घरी आल्यावर हे सांगताना मध्येच थांबले आणि म्हणाले, "उलटं काहून शिकला, हे काही साहेबानं विचारलं नाही... बरं झालं."

त्यानंतर बन्सीधरजी थकले आणि गावी निघून गेले. दिवाळी आली. नव्या बहीच्या पहिल्या पानावर माथ्याशी 'श्री' काढायचा, खाली लक्ष्मीचं नाव, आणि ते लिहायचं ज्याच्या हाताला यश आहे त्याने, अशी शेठजींकडची रीत. धनतेरसला ते स्वतः ऑफिसात आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "वकीलसाब, या साली पहला अक्षर सुदामबाबूच्या हातचा पाहिजे. त्याचा हात बरकतीचा हाय." हे शेठजींचं मन मोठं झालं म्हणून नव्हतं, हे मी तेव्हाही जाणून होते. धंद्याला या हाताचा गुण आला होता, एवढंच. तरीही मधल्या दाराआड उभी असलेली मी आनंदले. ज्या बहीला बोट लावू देत नव्हते, तिचं पहिलं पान!

सुदामभाऊ टाइपरायटरवरून उठले. "शेठजी, माफी करा. मी नाही लिहू शकत."

"काहून? सिरफ श्री तं हाय."

"आमी प्रतिज्ञा घेतली आहे. देवाची पूजा करणार नाही म्हणून. लक्ष्मीचं नाव माह्या हातानं लिहिलं तं ते पूजाच झालं."

शेठजी उठले. टोपी घातली, नीट केली आणि गेले. त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

आता काय होणार हे ऑफिसातल्या सगळ्यांना कळत होतं. शेठजी गेले तर त्यांच्यामागून निम्मा बाजार जाणार. मामंजींनी खुर्ची ओढली. ते वाईट माणूस नव्हते, पण घाबरले होते. "सुदाम, एक अक्षर आहे रे. दोन रेघा."

"दोन रेघाच आहेत, काकाजी, म्हणून तं जड आहे. मोठं काम असतं तं काही बहाणा तरी सापडला असता." मग ते म्हणाले, "हात लावू देत नव्हते तवा मी चुप होतो. आता लाव म्हणतात अन् मी नाही म्हणून राह्यलो. मले कोठी सोपं आहे हे? तुमाले अडचण होत असन तं मी सोमवारपासून येत नाही. भावाचं पाहून घेईन काही."

मामंजींनी 'ये' म्हटलं नाही, 'येऊ नको' म्हटलं नाही. पानाचा डबा उघडून ते सुपारी कातरत बसले. दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. सासूबाई, ज्यांनी तो कप ठेवला होता त्याच, करंज्या तळता तळता एकदम मला म्हणाल्या, "त्याचं तरी काय चुकलं? मला कोणी माझा गणपती सोड म्हटलं तर मी सोडीन काय?" त्यांच्याकडून मी हे अपेक्षिलं नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुदामभाऊ नेहमीच्या वेळी आले आणि टाइप करत बसले. जाण्याआधी हातातलं काम पुरं करायचं, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. उन्हं कलायच्या आधी दारात शेठजी उभे. काखेत कोरी बही. ते बाकावर बसले नाहीत, टेबलापाशी गेले.

"सुदामबाबू, पूजा सांजेले हाय. पूजेच्या पहले बही म्हंजे काय?"

सुदामभाऊंनी टाइपरायटरवरून मान वर केली. "काय?"

"कागद! कागद अन् पुठ्ठा. दुकानातून आणला तो माल. बरोबर ना, वकीलसाब? तं मंग वरची जागा सोडा अन् खाली मागल्या सालाची बाकी लिहा. ते तं हिशेब हाय. सांजेले वर काय लिहायचं ते आमी पाहून घेऊ. पण बहीत पहली कलम तुमची!"

मामंजी आधी हसले. "शेठजी, हा तं टॅक्सवाल्यासारखा रस्ता काढला तुम्ही."

"तुमालेच फी देऊन शिकलो ना!"

सुदामभाऊ मात्र लगेच हसले नाहीत. त्यांनी विचार केला, आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. कोणी आपल्याला गोड बोलून वाकवत तर नाही ना, हे ते तपासत होते. मग म्हणाले, "वर काय लिहाल ते तुमचं. मी हिशेब लिहीन. अन् मुडियात नाही, देवनागरीत. मात्रा देऊन."

"मात्रा देऊन," शेठजी म्हणाले. "साहेबले बी वाचता येईन."

त्यांनी हात पुसले. बही दोन्ही हातांनी घेतली, पुठ्ठ्यावरून एकदा तळवा फिरवला. टाक बुडवला, वर चार बोटं जागा सोडली आणि लिहिलं : मागील वर्षाची बाकी. अक्षर मोत्यासारखं वगैरे नव्हतं, पण मात्रा एकही सुटली नव्हती. शेठजींनी फुंकर घालून शाई वाळवली, बही मिटली आणि काखेत मारून निघाले. दारातून मागे वळून म्हणाले, "सोमवारी लवकर या. कपाशीच्या खरेदीच्या पावत्या पाहाच्या हाय." सुदामभाऊ नंतर मला म्हणाले, "वयनी, माणूस बेरकी आहे. पण माह्यापर्यंत चालत आला, हे बी खरं."

पुढे ते ऑफिसचे भागीदार झाले, मामंजींच्या नंतर मुख्य झाले. पाटीवर त्यांचं नाव आलं. तुमच्या आजोबांनी कॉलेजातली नोकरी धरली, तेव्हा ऑफिस बंद पडलं नाही ते केवळ त्यांच्यामुळे. त्यांचा धाकटा भाऊ शिकून इंजिनियर झाला. आमच्यात भांडणंही झाली, मुख्यतः इंग्रजीवरून, आणि त्यांतली बरीच ते जिंकले. शेवटचे भेटले तेव्हा ऐकू कमी येत होतं. मी ओरडून विचारलं, कसे आहात? तर म्हणाले, "रिटर्न भरून झाला, वयनी. आता नोटिशीची वाट पाहून राह्यलो."

आता प्रज्ञा ऑफिस पाहते. सगळे हिशेब कॉम्प्युटरवर आहेत. शेठजींच्या दुकानात त्यांचा नातू बसतो, आणि दर दिवाळीला एक बही मात्र अजून विकत आणतात. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, पूजेच्या आधी, ती आपल्या ऑफिसात येते. परवाच्या दिवाळीत सुदामभाऊंच्या पश्चात ती पहिल्यांदा आली. प्रज्ञाने वर चार बोटं जागा सोडली आणि खाली देवनागरीत मागील वर्षाची बाकी लिहिली.