उंबरठ्यावर बसायचं नाही

पोलिओ हा शब्द आमच्या रोहण्यात तेव्हा कुणाच्या कानावर आला नव्हता. वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता, त्या दिवसांतली गोष्ट. मला ताप आला, उतरला आणि जाताना दोन्ही पाय घेऊन गेला, एवढंच काय ते आम्हाला कळलं. त्यानंतर मी गोणपाटावर बसून हातांच्या जोरावर घरभर सरकायची. चुलीपासून दारापर्यंत सगळं घर माझं होतं. दारात मात्र चांगला वीतभर उंच सागवानी उंबरठा होता.

तो ओलांडायचा तर आधी त्यावर बसणं भाग होतं. आणि उंबरठ्यावर बसायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत. आई दर शुक्रवारी त्याला हळदकुंकू वाहायची. त्यामुळे मला बाहेर जायचं असेल तर कुणीतरी उचलून न्यायचं आणि उचलून आणायचं. शेजारच्या काकू तर मला न विचारताच उचलायच्या, कोंबडी उचलावी तशी, आणि त्यांना हवं तिथे नेऊन ठेवायच्या. मला इतका राग यायचा, की वाटायचं कडकडून चावावं.

पण कापसाची वेचणी लागली की राग काढायलाही कुणी उरायचं नाही. आईबाबा वावरात, बरोबरीच्या पोरी शाळेत. मी उंबरठ्याच्या आत बसून गल्लीकडे बघत राहायची. एखादी बैलगाडी गेली तरी बरं वाटायचं. तिच्यामागची धूळ खाली बसली की पुन्हा काही नाही. एकदा मी दारातल्या कुत्र्याशी बोलायला लागले, तर तेही उठून गेलं.

शेवटी एका दुपारी मी बसलेच उंबरठ्यावर. एक पाय हाताने उचलून बाहेर टाकला, दुसरा टाकणार तेवढ्यात काकूंनी पाहिलं. त्यांनी मला उचलून आत ठेवलं आणि संध्याकाळी आई येताच तिला ऐकवलं, की पोरगी लक्ष्मीच्या वाटेत बसली होती, अशाने घरात बरकत यायची कशी.  आईने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि आधी उंबरठ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसतो.

सकाळी तिने गावच्या वाढ्याला, म्हणजे सुताराला, बोलावलं. उंबरठा कापायचा म्हटल्यावर तो करवत हातात घेऊन नुसता उभा. काकूही धावत आल्या, असला अभद्रपणा करू नका म्हणाल्या. आईने उंबरठ्याला शेवटचं हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि ती काकूंकडे वळली.

"लक्ष्मी बाहेरूनच येते नं, बाई? माही पोरगी बाहेरच गेली नाई, तं ते आत येईन कोठून?"

वाढ्याने करवत चालवली. बाबांनी त्या जागी माती लिंपून अंगणापर्यंत उतार करून दिला.

तो वाळल्यावर मी पहिल्यांदा आपली आपण बाहेर गेले. सगळे वावरात होते. पोरी शाळेत होत्या, आणि शाळेला पायऱ्या होत्या. तिथे माझ्यासाठी कोण करवत चालवणार? अंगणात मी आणि वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा. आत एकटी होते तशीच बाहेर एकटी. मला फार रडू आलं. तरी हट्टाने ऊन कलेपर्यंत बसून राहिले. कुणीतरी मला बाहेर बसलेली बघावं, असं सारखं वाटत होतं.

आई आली. तिने मला पाहिलं, पण उचललं नाही. दारापाशी पाय धुऊन ती आत शिरली. मी तिच्यामागे उतारावरून सरकत वर आले, तर ती तांब्या घेऊन दारातच उभी. बाहेरून आलेलं माणूस आमच्याकडे पाय धुतल्याशिवाय आत येत नाही. मी आजवर कडेवरून आलेली. माझ्या पायांना धूळ लागलीच नव्हती, त्यामुळे मला कधी कुणी अडवलं नव्हतं.

बाबांना रोज म्हणायची, त्याच आवाजात आई म्हणाली, "तशीच कुठी चालली? पाय धू आंधी."