नाव काढणारे भावोजी

दोरीवरच्या चादरी निम्म्या काढून झाल्या होत्या. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. तिचं एक टोक हनुवटीखाली दाबून मी अंगणात उभी होते, तेवढ्यात धाकटे भावोजी गोदीवरून आले. त्यांनी दुसरं टोक धरलं. चादर ताणली गेली आणि उन्हात इतकी पांढरी झाली, की पलीकडचे भावोजी क्षणभर पुसल्यासारखे दिसेनासे झाले.

भावोजींचं काम नाव काढण्याचं. म्हणजे घराण्याचं नव्हे, मोटारींचं. बोटीने आलेल्या नव्या गाड्या गोदीमागच्या मैदानात रांगेने उभ्या असतात. काहींच्या पाठीवरचं नाव इथे चालत नाही. ते भावोजी गरम हवेने तापवतात, अक्षरांमागून नायलॉनचा दोरा ओढतात, सुटलेली अक्षरं तळहातावर झेलतात आणि तिथेच इथलं नाव चिकटवतात. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे हात स्थिर. मला मात्र कपडे भिजवण्याआधी त्यांचे खिसे बघावे लागतात. चकचकीत अक्षरं निघतात.

"एकाच गाडीला इतकी नावं कशाला हो?" मी एकदा विचारलं होतं.

"कुठे ते नाव आधीच दुसऱ्याने नोंदवलेलं असतं, वहिनी. मग कोर्टकचेरी कोण करणार? कुठे लोकांच्या तोंडात बसत नाही. आणि कुठे अर्थच वाकडा निघतो. आता ही नवी आलीय बघा, अडेला."

"अडेला?"

"तिकडे मोठं गोंडस नाव आहे म्हणे."

मी पदर तोंडाला लावला. अडेला घेऊन चढावर कोण जाईल? गोदीवरच्या मंडळींनी तर तिचं पहिल्याच दिवशी अडेलतट्टू करून टाकलं होतं. बिचारी चालते मात्र लोण्यासारखी.

भावोजींना सगळ्यात आवडतो तो मधला वेळ. जुनं नाव निघालंय, नवं लागायचंय. समुद्रावरून धुकं आलेलं असतं, रंगावर जुन्या अक्षरांची पुसट सावली असते आणि गाडी नुसती उभी असते, अजून कुणाचीच न झालेली. तिथून पुढे हात उचलत नाही, म्हणतात.

घरीही तसंच होऊन बसलं. भावोजींची उशिरा झालेली लेक, तिला दात यायला लागले तरी नाव नाही. माझ्या धाकट्या जावेला आपल्या आईचं नाव द्यायचं होतं. आई नातीला बघायला उरली नाही. भावोजींनी ते नाव सहज एका बोटीवरच्या स्वयंपाक्याला ऐकवलं. तो म्हणाला, आमच्या भाषेत याचा अर्थ ओगराळं. पातळ वाढायचं ते ओगराळं. झालं, नाव बाद. मग खलाशांना विचारून बघितलेलं दुसरं नाव कुठल्याशा भाषेत चिखल निघालं, तिसरं पायमोजा.

"नाव ठेवा म्हटलं, तर नावांनाच नावं ठेवत बसलेत," धाकटी म्हणायची. "गाडीला निदान चेसिस नंबर तरी असतो."

दवाखान्याच्या कागदावर परत नुसतं 'बेबी' लिहून आलं, तेव्हापासून तिने अबोला धरला. नाव नोंदवायची मुदत उद्या संपते. "ताई, माझ्या आईचं नाव नकोच असेल, तर तसं सांगावं ना," एवढंच काल मला म्हणाली, पाठ फिरवून. मी रात्री देवापुढे दिवा लावताना त्या दोघांचा अबोला सुटावा, एवढंच मागितलं.

आज चादरीपलीकडून भावोजी म्हणाले, "वहिनी, तो स्वयंपाकी परत आलाय. त्याची बोट लागलीय. विचारत होता, ओगराळं कसं आहे?"

टोकाला टोक जुळवायला मी पुढे झाले. "मग?"

"म्हटलं, ते नाव रद्द केलं. का म्हणून विचारतो. म्हटलं, अर्थ तूच सांगितलास की. तर म्हणतो, अर्थ सांगितला, वाईट कुठे म्हणालो? आईच्या हातात ओगराळं दिसलं की आम्ही सगळी भावंडं जिथे असू तिथून धावत यायचो."

घडी हातात अर्धीच राहिली.

"अर्थ ऐकला आणि पळालो, वहिनी. पुढचं विचारलंच नाही."

"मी रोज देवाचं नाव घेते," मी म्हणाले. "जगातल्या कुठल्या भाषेत त्याचं काय होतं, मला कुठे ठाऊक आहे? त्याने अजून तक्रार केलेली नाही."

ते हसले आणि आत गेले. मीही चादर घेऊन मागोमाग.

पडद्यातून हिरवट उजेड येत होता. बाळ झोपलं होतं, शेजारी धाकटी तिची झबली दुमडत होती. भावोजी दाराशी थांबले आणि हलकेच त्या नावाने हाक मारली.

धाकटीने मान वर केली. मग म्हणाली, "माझ्या आईला हाक मारताय की हिला?"

"जी ओ देईल तिला."

"आणि ओगराळं?"

"त्याच्यासकट."

तिने झबलं तोंडावर धरलं. हसत होती की रडत, ते बघायला मी थांबले नाही. जाता जाता एवढं दिसलं, की भावोजींनी अंगठा बाळाच्या मुठीत दिला होता आणि झोपेतच मूठ मिटली होती. नवं अक्षर लावल्यावर अंगठ्याने थोडा वेळ दाबून धरावं लागतं, असं तेच सांगतात.

मी अंगणात येऊन उरलेल्या चादरी काढल्या. उद्या सकाळी गोदीवर जाण्याआधी भावोजींना जन्मनोंदणीच्या कचेरीत जायचं आहे.