मुद्देमालातलं जिवंत रोप

कोर्टात दोन गोष्टी साठतात, कागद आणि किस्से. कागदांची विल्हेवाट लावायला नियम आहेत. मुदत संपली की रद्दी. किश्शांची मुदत कुणी ठरवलेली नाही. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कर्जत-खालापूरकडचा जुना माणूस भेटला की आधी प्रकृती विचारतो आणि मग हळूच म्हणतो, "ते झाड खरंच होतं का हो?"

होतं. कुठल्या कोर्टात, ते मात्र विचारू नका. आत अजून माणसं नोकरी करतात.

* * *

दारूबंदीचा कायदा जोरात होता आणि गांजाही त्यातच यायचा, तेव्हाची गोष्ट. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर एक बाबा राहायचा. मूळचा खालच्याच गावचा शेतकरी, संसार मुलांवर सोपवून वर येऊन बसलेला. पोलिसांनी त्याच्या झोपडीत गांजाचं एक रोप पकडलं. रॉकेलच्या अर्ध्या कापलेल्या डब्यात लावलेलं, उंची एक वीत.

हवालदार नवा होता. रोप उपटून, वाळवून, पुडीत बांधून आणायची पद्धत त्याला कुणी सांगितली नव्हती. तो डब्यासकट कोर्टात आला आणि पंचनाम्यात लिहून बसला, 'जिवंत रोप, एक.'

मुद्देमाल सांभाळायचं काम आमच्या नाझर साठ्यांचं. ते नेरळहून रोज यायचे आणि त्यांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिमये, हे मेलं तर?"

"मेलं तर मेलं. गांजाच तो."

"जिवंत घेतलंय, जिवंत द्यावं लागेल. आधीच्या नाझरांचं काय झालं ते विसरलात?"

विसरलो नव्हतो. चोरीच्या खटल्यातला एक कोंबडा त्यांच्या ताब्यात असताना मेला. त्यावर खुलासे मागवले गेले, खुलाशांवर शेरे आले, शेऱ्यांवर पुन्हा खुलासे. तोवर ते निवृत्त झाले आणि पेन्शन अडकलं. मग ते पक्षकारांच्या बाकावर येऊन बसायचे आणि एके काळी त्यांना सलाम करणारा शिपाई त्यांच्या नावाचा पुकारा करायचा.

थोडक्यात, साठ्यांची निवृत्ती आता एक वीत उंचीची होती.

* * *

मुद्देमालाची खोली म्हणजे एक खिडकी आणि बाकी अंधार. हातभट्टीची पिंपं आणि चोरीच्या सायकली यांच्या मधे डबा ठेवला. आठवड्याभरात रोप पिवळं पडलं.

"कोठडीत समदेच पिवळे पडतात," आमचा शिपाई हिरू म्हणाला.

साठे हसले नाहीत. त्यांनी डबा खिडकीत ठेवला. ऊन सरकेल तसा तो सरकवायला लागले. ऊन संपलं की वर बल्ब लावायचे. जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुलूपबंद खोलीत दिवसाढवळ्या दिवा कुणासाठी?"

"आरोपीच्या मालासाठी, साहेब."

अधिकाऱ्यांनी पुढचं विचारलं नाही. सरकारी नोकरीत पुढचं न विचारणारेच वर चढतात.

पण खरं औषध निराळंच होतं. दुपारी कामाचा जोर ओसरला की साठे एक झाकलेला पेला घेऊन खोलीत जायचे आणि आतून कडी लावायचे. बाहेर यायचे ते रिकामा पेला घेऊन. रोप हिरवंगार व्हायला लागलं. आम्ही विचारून दमलो. हिरूचा अंदाज शेळीच्या लेंड्यांचा, माझा पेंडीच्या पाण्याचा.

"मुद्देमालाची बाब आहे," साठे म्हणायचे आणि पेला विसळायला जायचे.

* * *

मुद्देमालाला सील लागतं. रोपाच्या बुंध्याला सुतळी बांधून तिच्यावर लाखेचं सील ठोकलं होतं. रोप जाड झालं, सुतळी काही जाड झाली नाही. ती सालीत रुतायला लागली.

सील तोडायचा अधिकार नाझरांना नसतो. साठ्यांनी न्यायाधीशांकडे रीतसर अर्ज केला, 'मुद्देमालाचा गळा आवळला जात आहे, तरी आदेश व्हावा.' आमचे साहेब कमी बोलायचे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि खाली लिहिलं, 'सील सैल करावे. तोडू नये.'

ते कसं करायचं हे त्यांनी लिहिलं नाही. लाख मेणबत्तीवर वितळवून, सुतळी सोडवून, पुन्हा सैल बांधून, पुन्हा सील करायला साठ्यांनी अख्खी दुपार घेतली. नातवाचे कान टोचतानाही माणूस इतका जपत नाही.

* * *

बाबा जामिनावर होता. प्रत्येक तारखेला डोंगर उतरून यायचा. तारीख पुढे गेली की त्याला वाईट वाटायचं नाही. तो सरळ खिडकीशी जायचा आणि गजांतून रोप बघत उभा राहायचा.

"नाझरसाहेब, काय घालता ओ याला?"

"आरोपीशी मुद्देमालाबद्दल बोलता येत नाही."

"आवो, पन माझंच हाय ना ते?"

"ते अजून सिद्ध व्हायचंय."

बाबा विचारात पडायचा. "आमी शेती केली जन्मभर. असं रूप नाय बघितलं कंदी. नुस्तं सांगून ठेवा."

"खटला चालू आहे, बाबा."

तारखा पडत गेल्या, प्रश्न तोच राहिला. दुसरे आरोपी कोर्टाला टाळतात. हा तारखेची वाट बघायचा.

* * *

शेंडा छपराच्या वाशाला टेकला तेव्हा साहेबांनी रोप मागच्या अंगणात ठेवायची परवानगी दिली. जप्ती डब्यासकट होती, म्हणून बाहेरही डब्यासकटच.

एव्हाना साठे स्वतःला जाणकार समजायला लागले होते. ते म्हणाले, "आत बिचारं एकेका किरणासाठी वाकत होतं. आता पोटभर घेऊ दे." आणि डबा थेट दुपारच्या उन्हात ठेवला. संध्याकाळी पानं पांढरी पडून, खटला हरलेल्या माणसासारखी मान टाकून होती.

साठे दोन दिवस जेवले नाहीत. मग कोर्टाच्या टेबलावरचं बाद झालेलं हिरव्या बनातीचं कापड काढलं आणि चार बांबूंवर मांडव घातला. खोलीत ऊन आणताना जेवढी यातायात केली, तेवढीच आता ऊन अडवायला. पावसाळ्यात बांबूला छत्रीही बांधली. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो, त्यामुळे ती सरळ करायला हिरूला नेमला.

"भाऊसाहेब," हिरू मला म्हणाला, "पावसात झाडावर छत्री धरतो हे गावात कललं तं मला पोरगी नाय देनार कोन."

हिरू नसेल तेव्हा स्वतः छत्री धरताधरता साठे तापानं पडले. झाड मात्र हातभर वाढलं. डब्याचा तळ गंजून गेला होता आणि मुळं केव्हाच सरकारी जमिनीत शिरली होती. त्यानंतर ते छत्रीला जुमानेना.

* * *

मांडव, छत्री, पहारा, बुंध्याला लाल लाखेचा ठिपका. गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी झाडापुढे हळद-कुंकू आणि नारळ दिसला. चौकशी केली, तर बांधाच्या दाव्यातल्या एका म्हातारीनं आदल्या दिवशी झाडाला प्रदक्षिणा घातल्या होत्या आणि दावा जिंकली होती.

पुढच्या आठवड्यात तीन नारळ. वादीही फिरतोय, प्रतिवादीही फिरतोय.

साहेबांनी साठ्यांना बोलावलं. "नाझर, हा खटला लवकर निकाली काढू. देऊळ झालं तर विश्वस्त नेमावे लागतील."

* * *

निकालाच्या तारखेला झाड कोर्टात आणता येईना, म्हणून कोर्ट झाडाकडे गेलं. साहेब मांडवाखाली उभे, बाजूला बाबा, त्याचा वकील, आणि साठे.

वकील हुशार होता. म्हणाला, "पंचनाम्यात एक वीत रोप आहे. हे तर माझ्या डोक्याच्या वर गेलंय. मुद्देमाल बदलला आहे. माझ्या अशिलाचं रोप नाझरांनी काय केलं, ते त्यांनी सांगावं."

साठ्यांचा चेहरा कोठडीतल्या त्या रोपासारखा पिवळा पडला. बाबानं फक्त 'माझं नाय' म्हणायचं होतं. तो सुटला असता आणि साठे पक्षकारांच्या बाकावर जाऊन बसले असते.

"हे रोप तुझं का?" साहेबांनी विचारलं.

बाबा वाकला. बुंध्यापाशी बोट फिरवलं. "हितं शेलीनं खाल्लं व्हतं लहानपनी. वण हाय बगा. माझंच हाय ह्ये."

वकिलानं डोळे मिटून घेतले.

"मग इतकं मोठं कसं झालं?"

"सरकारनं वाढवलं. माझ्याकडं मेलंच असतं."

साहेबांनी एकदा बनातीच्या मांडवाकडे बघितलं. मग त्यांनी शिक्षा सांगितली, कोर्ट उठेपर्यंत कैद. मुद्देमाल नष्ट करावा. आणि ते उभेच होते, तेव्हा लगेच म्हणाले, "कोर्ट उठलं."

* * *

झाड हिरूनं तोडलं. साठे तेव्हा आत बसून चार्ज देण्याचे कागद लिहीत होते. एकही शेरा न येता ते निवृत्त झाले.

शेवटच्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. नारळ आणि शाल मांडीवर घेऊन ते बाकावर बसले होते. बाबा तिथं आधीच येऊन उभा होता.

"नाझरसाहेब, आता संपला ना खटला?"

"संपला."

"मंग सांगा आता. काय घालत व्हता?"

साठ्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं.

"चहाचा चोथा. धुऊन, पाण्यात कालवून. साखरेचा अंश राहू द्यायचा नाही."

बाबानं ते मनात नीट ठेवून घेतलं. मग त्याला काहीतरी सुचलं.

"आन रयवारचं? कोरटाला तं सुट्टी."

गाडी येताना दिसली. साठे उठले, शाल सावरली.

"रविवारी घरून आणायचो."