वेलाला माणूस कळतो म्हणे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हा देवालाही नाही — त्याला माहीत असेल तर असू दे, मी माझ्या तोंडाने काढलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. आणि आधीच सांगून ठेवते — ऐकल्यावर माझी कीव करू नका. कीव करणाऱ्या माणसांचं आणि माझं जमत नाही.

निमित्त शीतलचं झालं. शीतल माझी मुलगी, हिंगोलीला डी.एड. करते. गेल्या सुट्टीत घरी आली ती वर्तमानपत्राची एक पुरवणी घेऊन. त्यात छापलं होतं म्हणे — झाडांना जाणीव असते, माणसाच्या मनातलं प्रेम, राग, मत्सर त्यांना कळतो, आणि ती त्याप्रमाणे फुलतात नाहीतर सुकतात. "आई, झाडाला सगळं कळतं बघ," असं म्हणत ती बाटलीतल्या मनीप्लँटच्या पानांवरून हात फिरवायला लागली. माझं डोकंच फिरलं. मी तिच्या हातातला कागद ओढला आणि चुलीत घातला. पोरगी बघत राहिली. एवढं चिडायला झालं तरी काय, असं तिच्या वडिलांनीही विचारलं. काय सांगणार होते मी? उठून भाजीला फोडणी दिली.

झाडाला कळतं — हे आमच्या घरात मला नवं नव्हतं. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्यांचं सगळं आयुष्य याच समजुतीवर गेलं. चिडलेल्या माणसाने भाजी तोडायची नाही. रडत रडत बी टोकायचं नाही. वेलाला लागलेल्या कोवळ्या फळाकडे बोट करायचं नाही — करायचंच तर बोट मुडपून, नाहीतर ते फळ सडतं. तुमच्याकडेही म्हणत असतील. मी मनातल्या मनात हसायचे. मी दहावी शिकलेली. शाळेत सरांनी लाजाळूचं रोप दाखवलं होतं आम्हाला. मायेने हात लावा, ते मिटतं. काडीने टोचा, तरी मिटतं. त्याला कुठं काय कळतं?

हे नीट लक्षात ठेवा. मी अडाणी नव्हते. मला माहीत होतं.

हिंगोली जिल्हा व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट आहे. पुसेगावपासून जवळच आमचं गाव. घरात आत्याबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर, आणि दिरांची बायको कुसुम. कुसुम शिरड शहापूरची. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बोलायला गोड. इतकी गोड की मला ऐकवत नसे. म्हशीशी गोड, शेजारणीशी गोड, आणि परसातल्या वेलाशी तर काही विचारूच नका. गोठ्याच्या पत्र्यावर तिने दुधी भोपळ्याचा वेल चढवला होता. रोज सकाळी पाणी घालताना त्याच्याशी बोलायची. एखादा दुधी तोडायचा तर आधी वेलाला हात लावून विचारायची — "देती का बाई?" — आणि जणू वेलाने हो म्हटलं अशी थांबून मग तोडायची.

आणि वेल द्यायचा, हेच तर दुखणं होतं. तिने काहीही लावलं तरी यायचं. मी मेथी टाकली तर अर्धी उगवायची नाही. आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, धाकटीच्या हाताला गुण हाय, तिच्या मनात काई काळं न्हाई म्हनून येल तिला वळखतो. म्हणजे माझ्या मनात काळं होतं असंच ना?

होतं. पण तोवर मी काही केलं नव्हतं.

वेलाचं मी सहन केलं असतं. शीतलचं नाही झालं. शीतल तेव्हा तीन वर्षांची. दिवसभर कुसुमच्या काखेत. तिच्या हातून जेवायची, तिच्याच मांडीवर झोपायची. एकदा अंगणात खेळताना पडली, गुडघा फुटला. मी दारातच होते, हात पुढे केले — आणि पोरगी माझ्या बाजूने पळत गेली ती थेट कुसुमकडे. "माय," म्हणून तिच्या गळ्यात पडली. मला ती आई म्हणायची. माय तिला. कुसुमने माझ्याकडे बघितलं, अवघडली, पोरीला खाली ठेवायला लागली, तर पोरगी सोडेना. त्या दिवशी मला कुसुमचा जो द्वेष वाटला तो मी लपवून सांगणार नाही. ती मरावी असं वाटलं नाही. ती या घरातून जावी, एवढं वाटलं.

पहिला दुधी खरोखर चुकून गेला. भाजीला घ्यावा म्हणून कोवळा आहे का बघायला मी त्याला नख लावलं — आपण सगळ्याच बायका लावतो — आणि अजून लहान आहे म्हणून तसाच सोडला. चार-पाच दिवसांत तो नखाच्या जागेपासून पिवळा पडला, मऊ झाला आणि गळाला. आत्याबाईंनी तो उचलून सगळ्यांना दाखवला.

"कोनं बोट दावलं गं याला?"

"म्याच बघत व्हते की रोज," कुसुम म्हणाली. "माझीच नजर लागली आसंल."

बघा, कशी होती ती! कुणी काही म्हणायच्या आत दोष स्वतःवर ओढून घेणारी. मला तिथेच सांगता आलं असतं, अहो, मी नख लावलं होतं. एवढंसं तर होतं. मी सांगितलं नाही. उलट मला रस्ता दिसला.

दुसऱ्या दिवशी कुसुम नळावर गेली तेव्हा मी गोठ्यात गेले. पत्र्यावरून खाली लोंबणाऱ्या तीन दुधींना नख लावलं — देठाजवळ, खालच्या अंगाला, कुणाच्या डोळ्याला पडणार नाही असं. कोवळी साल असते, नख अलगद आत जातं, आणि चिकाचा एक थेंब बाहेर येतो. तो मी पदराने पुसला. पुढच्या आठवड्यात तिन्ही सडले. मग मी दर दोन-तीन दिवसांनी जाऊ लागले. भादवा गेला, दसरा आला, त्या वेलाचा एकही दुधी घरात शिजला नाही. वाईट वाटत होतं का? नाही. मला बरं वाटत होतं.

पण सडके दुधी दाखवून कुणी सून घराबाहेर काढत नाही. त्याला एक वाक्य लागतं. ते मी दिलं. आत्याबाई आणि मी ओसरीवर तूर निवडत बसलो होतो, आणि मी अगदी सहज, मान वर न करता म्हणाले —

"आत्याबाई, येलाला मानसाच्या जिवातलं कळतंय म्हन्ता ना तुमी? मंग जिच्या पोटी लेकरू न्हाई, तिच्या मनातली आग त्याला लागत नसंल का?"

त्यांचा हात सुपातच थांबला.  दुसऱ्या दिवशी त्यांनी कुसुमला वेलाजवळ जाऊ नको म्हणून सांगितलं. मग पाणी घालायचं बंद झालं. मग लोणच्याच्या बरणीला हात लावायचं. आणि पंधरा दिवसांनी त्या माझ्यावरच ओरडल्या — "लेकराला तिच्यापाशी काहून देऊन राहिली तू? कळत न्हाई का तुला?"

मी शीतलला उचललं आणि आत नेलं. पोरगी माय माय करून रडली. दोन दिवस रडली. मी तिला रडू दिलं.

आता जे सांगायचं आहे ते नखापेक्षा वाईट आहे. मला वाटलं होतं कुसुम भांडेल, रडेल, नवऱ्याकडे तक्रार करेल. मी तयारीत होते. पण तिने यातलं काहीच केलं नाही. तिला ते पटलं! वेलाशी बोलणारी बाई ती — वेल खोटं बोलेल असं तिच्या मनातसुद्धा येईना. एक दिवस मी भाकरी करत असताना ती चुलीपाशी येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "वैनी, तुमाला म्हनून सांगते. शितूला मांडीवर घेतलं की कवा कवा वाटतंय, ही माझी काहून न्हाई. तेवढंच वाटतंय, दुसरं काई न्हाई. पन येलानं वळखलं बघा."

ऐकलंत? आयुष्यात एकदा तिच्या मनात एवढंसं काही आलं, आणि ते तिने कुणापाशी कबूल केलं — तर माझ्यापाशी. माझ्या त्याच हाताला पीठ लागलेलं होतं. मी म्हणायला हवं होतं, अगं वेडे, वेलाला काही कळत नाही, ते मी केलंय. दोन वाक्यं. तव्यावरची भाकरी करपायच्या आत बोलून झाली असती.

मी म्हणाले, "मंग जरा लांबच ऱ्हा लेकरापसून."

ती हो म्हणाली. आणि राहिली. शीतल तिच्या पदराला धरायला आली की पदर वर उचलायची आणि मागे सरायची. दिवाळीला तिचा भाऊ न्यायला आला तेव्हा ती एक पिशवी घेऊन गेली, ती परत आली नाही. आत्याबाईंनी तिला हाकललं नव्हतं, दिरांनीही नाही. दीर तर पौषात तिला आणायला शिरडला गेले. तिने दारातच सांगितलं, "त्या घरात लेकरू हाय. मी येत न्हाई." दिरांना याचा अर्थ कळला नाही, त्यांना वाटलं हिला दुसऱ्याचं लेकरू डोळ्यांत सलतं. मला कळला. माझ्या पोरीला आपली बाधा होऊ नये म्हणून ती नवरा सोडून बसली होती.

पुढच्या वर्षी दिरांचं दुसरं लग्न झालं. त्यांना मुलं झाली. आणि तो वेल — कुसुमचं जुनं बी डब्यात उरलं होतं, ते मीच लावलं, मीच पाणी घातलं — इतका लागला की शेजारीपाजारी वाटून उरले. आत्याबाई म्हणाल्या, बघ, घरातली आग गेली अन् येल हसला. मी दुधीची भाजी केली. सगळ्यांनी पोटभर खाल्ली, मीही खाल्ली. चांगली झाली होती.

म्हणून मला त्या पुरवणीचा राग आला. काय कळतं झाडाला? माणसाच्या मनातला मत्सर कळतो? मग माझ्या हाताने घातलेलं पाणी तो कसा प्यायला? कळत असतं तर त्या वेलाने माझ्या डोळ्यांदेखत सुकायला हवं होतं, आमच्या दारात एक पान हिरवं राहायला नको होतं. त्याला काहीही कळत नव्हतं. कळत होतं ते फक्त मला. आणि हे वर्तमानपत्रवाले पुन्हा तेच छापतात, आणि माझी पोरगी ते हौसेने वाचते.

कुसुमला त्यानंतर मी एकदाच पाहिलं. शीतल तेव्हा आठवीत होती. वसमतला लग्नाला निघालो होतो, औंढ्याच्या स्टँडवर बस बदलायची होती. शीतल पाण्याची बाटली भरायला गेली आणि मागून कुणीतरी "वैनी" म्हणून हाक मारली. मी ओळखलं नाही आधी. केस पांढरे झाले होते, हाताला खुरप्याचे घट्टे. भावाकडेच राहते, लोकांच्या रानात निंदायला जाते म्हणाली. आत्याबाई गेल्याचं तिला कळलं होतं. दिरांची लेकरं कशी आहेत ते विचारलं. तिच्या बोलण्यात कुठे काटा असता तर मला सोपं गेलं असतं. नव्हता. ती अजूनही तशीच गोड बोलत होती, आणि — काय लपवू — मला अजूनही ते आवडलं नाही.

तेवढ्यात शीतल आली. मोठ्या माणसाच्या पाया पडायची सवय मीच लावलेली, ती वाकली. कुसुम एकदम दचकून मागे सरकली, दोन-तीन पावलं लांब गेली आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

"लांबूनच, बाई," ती म्हणाली. "लांबूनच सुखी ऱ्हा."

शीतलकडे मात्र बघत राहिली. डोळे भरून, पायापासून डोक्यापर्यंत. दहा वर्षं झाली होती. आत्याबाई नव्हत्या, तो वेल नव्हता, आता सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं? काही नाही. बस लागायला अजून वेळ होता.

"आई, कोण आहे गं ही? अशी काय करते?" शीतलने विचारलं.

मी म्हणाले, "माझ्या माहेरकडची हाय एक. डोक्यानं जरा कमी हाय."

कुसुम तेवढ्याच अंतरावर उभी होती. तिने ते ऐकलं. शीतलकडे बघून तिने मान हलवली — हो म्हणाली.