डावीकडची हाक

आमच्या वाडीचा फुटबॉलचा संघ माझ्या खाचरात खेळतो, म्हणून त्यांच्या खेळात तोंड घालायचा मला हक्क आहे. भात कापून झालं की पोरं पेंढा उचलतात, दगड वेचतात आणि दोन्ही टोकांना काठ्या रोवून गोल करतात. दोन खाचरांमधला बांध त्यांनी एका वर्षी मला न विचारता फोडला. दर पावसाआधी तो परत घालून द्यायचा, ही माझी अट. घालतात, पण वाकडा.

मी चौथीपर्यंत शिकले. फुटबॉल मला थोरल्या मुलाने शिकवला. आमच्याकडे कबड्डी आणि क्रिकेट चालतं. थोरला मुंबईला गोदीत होता, तिथे त्याला हा खेळ लागला. काम सुटलं तेव्हा एक चेंडू घेऊन तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत परत आला. तो डाव्या पायाचा. डाव्या कडेने सुटला की ओरडायचा, “हाय!” म्हणजे मी इथे आहे, चेंडू द्या. ज्याच्या पायात चेंडू असेल त्याने ती हाक ऐकायची आणि न बघता डावीकडे मारायचा. हीच आमच्या संघाची पद्धत. दुसरी शिकायला ना माणसं होती ना पुरेसे बूट.

मग एका पावसाळ्यात दरड आली. मी दाढ काढायला महाडला गेले होते, पुराचं पाणी चढलं आणि भाचीकडे वरच्या मजल्यावर अडकले. धाकटा कारखान्यात पाळीवर होता. थोरला घरात होता. दाढेने मला वाचवलं असं लोक म्हणतात. दाढ दुखत होती, एवढंच मला माहीत आहे. काही दिवस यंत्राने माती उपसली, मग थांबवलं. थोरला मिळाला नाही. कागदावर मेला. खाचर डोंगराच्या दुसऱ्या सोंडेवर, त्याला ओरखडाही नाही. उरलेल्यांना खाली रस्त्याजवळ घरं मिळाली.

पुढच्या हिवाळ्यात पोरं पुन्हा खेळायला लागली. संघ धाकट्याने हातात घेतला. मी बांधावर बसून बघायची. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. चेंडू मिळाला की पोरं अजून डावीकडे मारत होती. तिथे कोणी नव्हतं. अर्धा वेळ चेंडू करवंदाच्या जाळीत जायचा, बाजू बदलल्या की ओहोळात. जाळीतून मीच काढून द्यायची. हात खरवडून निघायचे.

असं दोन-तीन वर्षं चाललं. बाहेरच्या संघांबरोबर हरायचे. समोरचे हसायचे, “कोणाला दिलास रे? भुताला?” आमच्यातला एक त्यावर मारामारीला धावला आणि बाहेर बसला. मग दहाच उरले.

गेल्या हिवाळ्यात चांगले खेळणारे दोघे महाडच्या एका संघात जायला निघाले. त्या संघाकडे सगळ्यांना बूट, कपडे, मुंबईहून आणलेला शिकवणारा. खेळणारेही थोडे मुंबईचेच. गाडीने वीरला उतरले की त्यांना न्यायला मोटार उभी. आमचे तिघे मुंबईहून येतात ते एका रिक्षात कोंबून, आणि ती रिक्षाही आमच्याच खेळाडूची. तो मागे डाव्या बाजूला खेळतो, चाळिशीचा, पोट सुटलेला. वीर स्टेशनवर “महाड, महाड” ओरडून त्याचा आवाज असा झालाय की खाचरात बोलला तर रस्त्यावर ऐकू येतं.

माघातल्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरलो तर ते दोघे जाणार, आणि ते गेले की संघ मोडणार, हे सगळ्यांना कळत होतं. धाकटा पडवीत चिंचोके मांडून बसायला लागला. अकरा चिंचोके, एक आपल्या गोलात, बाकी पुढे. हलवायचा, गोळा करायचा, परत मांडायचा.

मी विचारलं, “काय ठरलं?”

“छोट्या छोट्या पासनी खेळायचं म्हटलं, तर रोज सराव पायजे. आपली पोरं रविवारी भेटतात. पुढं लांब मारायचा म्हटलं, तर पुढं तगडा माणूस नाय.”

“राखण करा.”

“म्हणजे?”

“भाताची राखण करतो तशी. डुकरामागं धावून कोणाला डुक्कर मिळालंय? कुंपणाला भोक हाय तिथं उभं राहायचं. डुक्कर दमतं. मग आपण.”

तो हसला. मग हसायचा थांबला आणि चिंचोके मागे ओढायला लागला. पटलं होतं त्याला. एक चिंचोका मात्र त्याने डावीकडे पुढे तसाच ठेवला.

“हा कोणाचा?”

त्याने त्यावर बोट दाबून धरलं.

“हा मागं घे. डावी बाजू बंद कर.”

“आये, तू त्याला बाद करतेस?”

“दरडीनं केला. मी नाय.”

तो ताटावरून उठून जावं तसा चिंचोके सोडून गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. गुडघा शेकायला सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात जाऊन बसतो म्हणाला, ते भाचीला फोन करून, मला नाही. मी चिंचोके उचलले नाहीत. त्यांच्याभोवतीनं झाडत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर डावीकडचा चिंचोका मागे आलेला होता.

एक महिना पोरांनी राखण केली. खाचरात बघायला अगदी कंटाळवाणं. पण करवंदाच्या जाळीत मला फार वेळा शिरावं लागलं नाही.

पहिला सामना त्या महाडच्या संघाशीच पडला. मी डब्यात भाकऱ्या घेऊन कडेला बसले. त्यांची पोरं नाचत यायची, आमची भोकाशी उभी. अर्ध्या वेळेपर्यंत कोणाचाच गोल नाही. मला एक गोष्ट दिसली. आमच्या डाव्या बाजूला पुढे कोणीच नव्हतं, तरी त्यांचे दोन गडी तिथेच उभे होते. त्यांना जुनंच सांगून ठेवलेलं असणार, यांची डावी बाजू धोक्याची. धोका मातीखाली जाऊन वर्षं झाली होती, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग संपायला आलं तेव्हा चेंडू आमच्या एका पोराच्या पायात आला आणि डावीकडून हाक आली.

“हाय!”

त्यांचे दोघे तिकडे धावले, तिसराही वळला. आमचं पोर दचकून जागीच थांबलं. चेंडू त्याच्या पायावरून उजवीकडे घरंगळला, तिथल्याने घेतला आणि गोल केला.

पोरं नाचली. मग पाणी प्यायला आली. जो तो रिक्षावाल्याकडे बघत होता.

तो म्हणाला, “मी नाय ओरडलो. मी ओरडलो असतो तर तोंडातून महाड महाड निघालं असतं.”

कोणी हसलं नाही. गोलात उभा राहणारा म्हणाला, “मी पण नाय.” असं करत सगळ्यांनी सांगितलं. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने निम्मं. तरी मी ऐकलं होतं. कोणाचा आवाज, ते सांगत नाही, कारण मला माहीत नाही. मैदानाच्या त्या अंगाला माणसं होती, कोणीही ओरडलं असेल. मी धाकट्याला विचारलं नाही. त्याने मला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पडवीत येऊन बसला. “आये, ती हाक मुद्दाम मारली तर? रिक्षावाला मारेल. सगळ्या संघांना ती ठाऊक हाय. त्यांचे दोन गडी फुकट तिकडं अडकतात.”

मी म्हटलं, “मेलेल्या माणसाला कामाला लावणार?”

“तू नको म्हणालीस तर नाय.”

मी तांदूळ निवडत होते. निवडून झाले तरी निवडत राहिले. थोरला जिवंत होता तेव्हाही घरात फुकटच राबला, हे मनात आलं. मी म्हटलं, “लाव.”

तेव्हापासून खाचरात सराव चालला की ती हाक यायची. रिक्षावाल्याने आवाज बरोब्बर धरला होता, शेवट जरा उचलायचा, तोही. मी बांधावर असले तर मला माहीत असायचं तो कधी ओरडणार. तरी दर वेळी मान वळायची. स्वतःवर चिडायची. मग पाठ करून बसायला लागले, तर पूर्ण अंग वळायला लागलं. घरी झोपताना वाटायचं, मी हो म्हटल्यामुळे त्याला उगाच बोलावून ठेवलंय आणि चेंडू कोणीच देत नाही.

पण पद्धत चालली. पुढचा सामनाही जिंकलो. महाडच्या संघात जायचं म्हणणारे दोघे आता वाडीतच रमले होते. अंतिम सामन्याला वाडीतली बायामाणसंही टेम्पोत बसून महाडला आली. धाकटा माझ्या शेजारी कडेला उभा होता.

राखण, राखण, राखण. मग ठरल्याप्रमाणे रिक्षावाला डाव्या कडेने दोन पावलं पुढे आला आणि ओरडला.

“हाय!”

मी डावीकडे पाहिलं. तिथे गवत होतं, चुन्याची रेघ होती, रेघेपलीकडे एक कुत्रा. रिक्षावाला पोट धरून मागे चालला होता. मी बघत राहिले. किती वेळ, ते कळलं नाही. उजवीकडे एकदम आरडाओरडा झाला, बाया उठून उभ्या राहिल्या. गोल झाला होता. मी धाकट्याकडे वळले. तोही डावीकडेच बघत होता.

करंडक मिळाला. टेम्पोत तो पोरांच्या मांड्यांवर फिरत होता आणि ती गोल कसा गेला ते एकमेकांना सांगत होती. त्या आवाजात मी धाकट्याला विचारलं, “तू पाहिलास?”

“नाय,” तो म्हणाला. “तू?”

“मी पण नाय.”

घरी आल्यावर मी त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी राखण ठेव, ती चांगली आहे. हाक बंद. डावीकडे जिवंत माणूस शोध, लंगडा असला तरी चालेल. तो म्हणाला, आये, हाक बंद केली तर हरू. मी म्हटलं, हरा. मला माझ्या पोरांचा गोल बघायचा आहे.

त्याने मान हलवली. यंदा पडवीत चिंचोके पुन्हा मांडलेत. डावीकडे पुढे एक आहे. हा कोणाचा, ते मी विचारलं आणि त्याने एका पोराचं नाव सांगितलं.